सय्यदांचा हिशेब कोणत्या सालापासून?

दर वर्षी १७ जानेवारी उलटली की एक चित्रफीत हमखास फिरू लागते. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सिंधूच्या पश्चिम काठावरचं सन्न हे गाव, लाल झेंडे, त्यांवर कुऱ्हाड धरलेला हात आणि 'जिये सिंध'चा गजर. सिंधी राष्ट्रवादाचे पुढारी जी. एम. सय्यद यांच्या जयंतीची ही मिरवणूक. २०२१ साली तिथल्या काही फलकांवर नरेंद्र मोदींचं छायाचित्र झळकलं आणि आपल्याकडच्या चर्चेला ऊत आला. ज्यानं सिंध विधानसभेत पाकिस्तानचा ठराव मांडला त्यालाच शेवटी उपरती झाली, बघा, म्हणजे फाळणी चूकच होती, असा एक सूर. सीमेपलीकडे याच माणसाला गद्दार, विकला गेलेला, असं म्हटलं जातं. मधल्या मध्ये काही पुरोगामी मंडळी सय्यदांना सूफी संत करून टाकतात, म्हणजे राजकारणाचे प्रश्नच विचारायला नकोत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सय्यदांचं आयुष्य उपरतीची कथा म्हणून वाचणं चूक आहे. फितुरीची कथा म्हणून वाचणंही चूक आहे. खिलाफत, काँग्रेस, मुस्लिम लीग, सिंधुदेश (म्हणजे पाकिस्तानातून फुटून स्वतंत्र सिंध) अशी वळणं या माणसानं घेतली. पण सिंधचा कारभार सिंधमधूनच व्हावा, ही मागणी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहिली. त्या मागणीत खोट नव्हती. खोट होती ती 'सिंधी कोण' या प्रश्नाच्या त्यांच्या उत्तरात, आणि ती कळायला १९४३ चा ठराव किंवा १९७२ ची सिंधुदेशाची घोषणा उपयोगी पडत नाही. त्यासाठी १९३९ पर्यंत मागं जावं लागतं. आणि नेमकं तेच साल या वादात कोणी काढत नाही.

मला ते साल कळलं ते पुस्तकातून नव्हे. उल्हासनगरला आमच्या शेजारी एक सिंधी काका राहायचे, मूळचे सक्करचे, कापडाच्या व्यापारातले. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मी कुठलासा लेख वाचून उत्साहानं त्यांना सय्यदांबद्दल सांगायला गेलो. पाकिस्तानच्या तुरुंगात इतकी वर्षं काढली, गांधींना मानायचे, वगैरे. काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "वो मंझिलगाहवाला?" मग म्हणाले, संगणकावर नकाशा काढ. सक्कर काढलं. सिंधूच्या पात्रात मधोमध साध बेलो, साधूंचं बेट. आणि काठावर त्याच्या समोर मंझिलगाह. काकांनी दोन्हींच्या मध्ये बोट ठेवलं. बोटाखाली सगळी नदी झाकली गेली. इतकंच अंतर, म्हणाले, आणि उठून गेले.

मंझिलगाह म्हणजे सरकारच्या ताब्यातल्या दोन जुन्या इमारती. त्यांतली एक मूळची मशीद आहे, ती परत द्या, ही मुसलमानांची मागणी जुनी होती. समोरच्या बेटावर जाणाऱ्या यात्रेकरूंना अडथळा होईल, ही हिंदूंची भीतीही जुनी. एरवी हा वाद जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत धूळ खात पडला असता. पण १९३९ साली तो पेटला, कारण सिंधच्या विधानसभेचं गणित. साठ जणांचं सभागृह, मुसलमान सभासदांत अनेक गट, त्यामुळे हिंदू सभासदांच्या पाठिंब्याशिवाय कोणाचंही मंत्रिमंडळ टिकत नव्हतं. अल्लाबक्ष सुम्रो याच पाठिंब्यावर पंतप्रधान होते (तेव्हा प्रांताच्या मुख्यालाही पंतप्रधान म्हणत). गंमत अशी की १९३८ साली त्यांना खुर्चीवर बसवणाऱ्यांत खुद्द सय्यद होते. पुढे शेतसाऱ्यावरून दोघांचं बिनसलं, सय्यद लीगमध्ये गेले, आणि अल्लाबक्षांना खाली खेचायला लीगला हत्यार हवं होतं. मंझिलगाह आयती सापडली. मशीद द्यावी तर हिंदूंचा पाठिंबा जातो, न द्यावी तर मुसलमानांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. अल्लाबक्षांची कोंडी पक्की झाली.

ऑक्टोबर १९३९ मध्ये आंदोलन सुरू झालं आणि त्याला नाव दिलं गेलं सत्याग्रह. हे नाव मला फार खुपतं. १९२१ साली सन्नच्या स्टेशनात गांधींची भेट घेऊन खादी अंगावर चढवलेला हा तरुण. त्या शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता असं कसं म्हणायचं? जत्थे आले, इमारतीचा ताबा घेतला गेला. १ नोव्हेंबरला रुक स्टेशनात भगत कंवरराम यांना गोळ्या घालून मारलं. पायात घुंगरू बांधून गावोगाव सूफी कलाम गाणारा हा माणूस, ज्याच्या भगतीला हिंदूंइतकेच मुसलमान बसायचे. १९ नोव्हेंबरला पोलिसांनी इमारत रिकामी केली आणि सक्कर शहरात, मग आसपासच्या खेड्यांत दंगल उसळली. शंभराहून अधिक माणसं मेली, बहुतेक हिंदू. काही महिन्यांत अल्लाबक्षांचं मंत्रिमंडळ पडलं. नव्या मंत्रिमंडळात सय्यद शिक्षणमंत्री झाले.

इथं सय्यदांच्या बाजूनं जे म्हटलं जातं ते नीट ऐकलं पाहिजे, कारण ते पोकळ नाही. एक, त्यांनी कोणाला मारायला सांगितलं नव्हतं आणि आंदोलन हातातून गेलं. दोन, पुढं त्यांनी या प्रकरणाबद्दल आणि आपल्या लीगच्या दिवसांबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली. उपखंडातल्या किती पुढाऱ्यांनी तेवढं तरी केलं? तीन, सिंधमध्ये वाणी (सावकार) आणि हारी (जमीन कसणारं कूळ) यांच्यातला झगडा खराच होता. कर्जापायी मुसलमान जमीनदार-शेतकऱ्यांच्या जमिनी हिंदू सावकारांकडे चालल्या होत्या, आणि जमशेद मेहतांसारख्यांबरोबर हारी समितीच्या स्थापनेत भाग घेतलेल्या सय्यदांना हा प्रश्न मनापासून छळत होता. हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण सावकारीचं उत्तर सावकारी कायद्यात असतं, मशिदीत नसतं. जमिनीच्या भांडणाला देवाधर्माचं नाव दिलं की भांडण जमिनीचं राहत नाही. मग रुक स्टेशनावर जो मरतो तो सावकार नसतो, गवई असतो. आणि आंदोलन हातातून गेलं म्हणणाऱ्यानं त्याच आंदोलनातून आलेलं मंत्रिपद घेतलेलं असलं, तर तो बचाव निम्मा गळून पडतो.

आता याच्याशेजारी १९४३ चा ठराव ठेवा. ३ मार्च १९४३ रोजी सय्यदांनी सिंध विधानसभेत पाकिस्तानच्या बाजूनं ठराव मांडला, तो २४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. असा ठराव करणारी ही देशातली पहिली विधानसभा. आपल्याकडे याला त्यांचं महापाप म्हणतात आणि पुढच्या सिंधुदेशाला प्रायश्चित्त. पण ठरावात काय मागितलं होतं? मुसलमानांच्या स्वतंत्र राष्ट्रीय राज्यांची मागणी होती. राज्यांची, अनेकवचनात. १९४० च्या लाहोर ठरावातही 'स्वतंत्र राज्यं' होती आणि त्यांचे घटक स्वायत्त, सार्वभौम असतील असं लिहिलेलं होतं. सय्यदांनी पाकिस्तान असं वाचलं की यात सिंधला सिंध मिळेल. भोळेपणा म्हणा, पण विसंगती म्हणता येत नाही. एप्रिल १९४६ मध्ये दिल्लीत लीगच्या आमदारांची बैठक भरली आणि अनेकवचनाचं एकवचन झालं. तोवर सय्यद लीगमध्ये उरलेच नव्हते. जानेवारीतच त्यांना काढून टाकलं होतं.

टीकाकार म्हणतात, तत्त्वाबित्त्वाचं सांगू नका, जीनांशी भांडण झालं ते निवडणुकीच्या तिकिटांवरून. खरं आहे. पण ती तिकिटं ठरवणार कोण, कराची की मुंबईत बसलेले अध्यक्ष, हाच तर भांडणाचा गाभा होता. ज्या माणसाची उमेदीची वर्षं मुंबईच्या कारभाराशी झगडण्यात गेली त्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल कसा?

हे मुंबईचं प्रकरण मराठी वाचकानं विसरू नये. १८४३ मध्ये इंग्रज सेनापती नेपियरनं सिंध जिंकलं, १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याला जोडलं गेलं, आणि १ एप्रिल १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं, त्याचा कारभार मुंबईहून चालला. वेगळ्या सिंधची मागणी पहिल्यांदा जाहीरपणे मांडली ती १९१३ च्या कराची काँग्रेसच्या वेळी हरचंदराय विशनदास यांनी, एका हिंदूनं. पुढं ती मुसलमानांची मागणी ठरली आणि हिंदू पुढारी विरोधात गेले, कारण इलाख्यात ते बहुसंख्यांत मोडत आणि सुट्या सिंधमध्ये चौथ्या हिश्शाएवढे उरत. यात कोणाची बाजू घ्यायची? मी विभक्त सिंधची घेईन. पण ज्या चौथ्या हिश्शाला या व्यवस्थेत असुरक्षित वाटत होतं त्याला विश्वास देणं ही वेगळा प्रांत मागणाऱ्यांची जबाबदारी होती. प्रांत मिळून चार वर्षं व्हायच्या आत मंझिलगाह घडली. विरोध करणाऱ्या हिंदूंची भीती खरी ठरवण्याचं काम सय्यदांच्या चळवळीनंच केलं.

आणि त्याची किंमत सिंधी राष्ट्रवादालाच मोजावी लागली. माझा मुद्दा खरा इथं आहे. सिंधमधला शिकलेला मध्यमवर्ग, मास्तर, वकील, डॉक्टर, कारकून, नगरपालिकांचे सभासद, वर्तमानपत्रं चालवणारे, मोठ्या प्रमाणात हिंदू होता. तो १९४७-४८ मध्ये निघून गेला. मंझिलगाहमुळेच गेला असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. ६ जानेवारी १९४८ ची कराचीची दंगल, नव्यानं आलेल्या निर्वासितांचा लोंढा, रिकाम्या घरांची हाव, अशी कारणं होती. तरीही एक प्रश्न उरतोच. पंजाबसारखी कत्तल सिंधमध्ये झाली नाही, मग इतकी माणसं इतक्या लवकर उठली का? ज्यांनी १९३९ पाहिलं होतं त्यांना वाट बघण्यात अर्थ वाटला नाही, हे त्याचं एक उत्तर आहे. जुलै १९४८ मध्ये केंद्रानं कराची सिंधपासून तोडून राजधानीचा वेगळा प्रदेश केला. विरोध करायला रस्त्यावर कोण उतरणार? उतरणारे कल्याणच्या लष्करी छावणीत पोचले होते, जिचं पुढं उल्हासनगर झालं. एकेका बराकीत गोणपाटाच्या आडोशानं संसार मांडत होते.

कराचीवरून मुंबई आठवत नसेल तर तो मराठी माणूस कसला. १९५५ मध्ये पाकिस्ताननं पश्चिमेकडचे सगळे प्रांत मोडून त्यांचा एकच प्रांत, 'वन युनिट', केला. १९५६ मध्ये आपल्याकडे मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र करून द्विभाषिक मुंबई राज्य आलं. त्या आधी मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णयही जाहीर झाला होता. युक्तिवाद दोन्हीकडे शब्दाला शब्द जुळणारा. राष्ट्रीय ऐक्य, कारभाराची सोय, आर्थिक विकास, आणि भाषिक मागणी म्हणजे संकुचितपणा. सय्यदांनी वन युनिटला जो विरोध केला तो आपल्याकडच्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या विरोधाहून तत्त्वत: वेगळा नव्हता. मग आपण १ मे १९६० ला राज्य मिळवून घरी गेलो आणि ते सिंधुदेशापर्यंत का गेले? आपल्याला १९५७ ची निवडणूक होती. समितीनं पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसला असं धुतलं की दिल्लीला हिशेब करावा लागला. पाकिस्तानात प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली १९७० च्या डिसेंबरात. मधल्या काळात आयुबखानांच्या राजवटीत सय्यद कैदेत होते. हुतात्मा चौकातल्या लोकांचं रक्त आपल्याकडेही सांडलं, हे विसरून चालणार नाही. पण रक्तानंतर मतपेटी होती. द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेत वेगळ्या देशाची, मागणी करणाऱ्या तमिळ पुढारी अण्णादुराईंनी ती १९६३ च्या सुमारास सोडली आणि १९६७ मध्ये सत्ता मिळवली. फुटीरपणा एखाद्या भाषेच्या रक्तात असतो, असं मानणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं आणि सिंध शेजारी शेजारी ठेवून पाहावं. आणि बांगलादेशचे शेख मुजीब? तेही तरुणपणी पाकिस्तानच्या चळवळीत होते. त्यांना कोणी धरसोड करणारा म्हणत नाही, कारण ते जिंकले.

सय्यद जिंकले नाहीत. त्यांच्यावरचा सर्वांत जड आक्षेप हाच, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. १९७० मध्ये मतपेटी अखेर आली तेव्हा सिंधी मतदारांनी भुट्टोंच्या पीपल्स पार्टीला निवडलं, सय्यदांना घरी बसवलं. १९७२ मध्ये त्यांनी जिये सिंध महाज ही संघटना काढली, सिंधुदेशाची मागणी केली. १९८८ मध्ये पुन्हा निवडणूक झाली, पुन्हा लोक भुट्टोंच्या मुलीमागं गेले. लोकांना जे नको आहे त्याला लोकांची मागणी म्हणायचं कसं? त्याहून बोचरं १९८३ चं. झियांच्या हुकूमशाहीविरुद्ध लोकशाही पुनर्स्थापनेचं आंदोलन पेटलं ते मुख्यत: सिंधच्या खेड्यांत. लष्करानं गोळ्या झाडल्या, दादू जिल्हा, सय्यदांचा स्वत:चा जिल्हा, धुमसत होता. आणि सय्यद बाजूला बसले. हे आंदोलन पाकिस्तानची राज्यघटना वाचवायला आहे, मला ती घटनाच मान्य नाही, असा त्यांचा तर्क. तर्क म्हणून चिरेबंदी आहे. पण गावातली पोरं गोळ्या खात असताना तर्काच्या कुंपणाआड बसणं याला मी तत्त्वनिष्ठा म्हणणार नाही. तोच जुना दोष, उलट्या अंगानं. १९३९ मध्ये हिंदू सिंधी त्यांच्या हिशेबात नव्हता. १९८३ मध्ये पीपल्स पार्टीला मत देणारा सिंधी नव्हता.

तरीही मतपेटीतल्या पराभवातून त्यांची मागणीच खोटी होती असं सिद्ध होत नाही. जुलै १९७२ मध्ये सिंधी भाषेला प्रांतात स्थान देणारा कायदा केला तो पीपल्स पार्टीच्याच सरकारनं. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूची (केंद्र आणि प्रांत दोघांच्या हातातल्या विषयांची यादी) रद्द करून प्रांतांना अधिकार दिले, तेव्हाही केंद्रात तोच पक्ष होता. सिंधी मतदारानं सय्यदांचा नकाशा नाकारला, मागण्यांची यादी नाकारली नाही. भाषा, नोकऱ्या, कराची, आणि सगळ्यांत वर पाणी.

पाण्यापाशी आलो की आपल्याकडच्या सिंधप्रेमाची कसोटी लागते. सिंध हा सिंधूच्या शेपटाकडचा मुलूख. कोट्री हा शेवटचा बंधारा. त्याखाली नदीत पाणी सोडलं नाही तर बदीन आणि ठट्ट्याच्या शेतांत समुद्र शिरतो. एप्रिल २०२५ मध्ये सिंधूवरच्या नव्या कालव्यांविरुद्ध सिंधी लोकांनी महामार्ग अडवून धरले, आणि महिनाअखेर इस्लामाबादला ती योजना थांबवावी लागली. त्याच महिन्यात, पहलगामच्या हत्याकांडानंतर, भारतानं सिंधू पाणीवाटप करार स्थगित केला. त्या निर्णयामागचा संताप मी समजू शकतो. पण माझ्या व्हॉट्सॲप गटात सकाळी 'सिंध आपलंच आहे' ही चित्रफीत टाकणारा माणूस संध्याकाळी 'एक थेंबही जाता कामा नये' असा संदेश टाकतो, तेव्हा त्याला कोणता सिंध आपला वाटतो? जमीन हवी, घोषणा हव्यात, शेपटाकडचा शेतकरी नको? सय्यद भारताशी मैत्री मागत होते, १९८७ मध्ये ते इथं येऊनही गेले. पण लाहोरच्या हुकमाऐवजी दिल्लीचा हुकूम, एवढ्यासाठी त्यांनी आयुष्याचा मोठा भाग कैदेत घालवला, असं समजणं हा त्यांचा अपमान आहे.

जानेवारी १९९२ मध्ये, ८८ व्या वाढदिवसाच्या सभेतल्या भाषणानंतर त्यांना पुन्हा अटक झाली. २५ एप्रिल १९९५ ला कराचीत ते वारले, तेव्हाही सरकारी बंदीवानच होते. नव्वदी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला भाषणासाठी मरेपर्यंत डांबून ठेवणाऱ्या राज्यानं दुसऱ्याला देशद्रोही म्हणावं, यावर काय बोलायचं.

शेजारचे काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. या जानेवारीत सन्नची ती चित्रफीत मला त्यांच्या धाकट्या मुलानंच पाठवली, खाली हात जोडल्याच्या चार खुणा आणि 'अपना सिंध'. मी त्याला लिहिलं, तुझे बाबा असते तर मंझिलगाहची आठवण काढली असती. दोन निळ्या खुणा उमटल्या. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. "मंझिलगाह म्हणजे काय, दादा?"